टेमरच्या तोंडी नसलेला शब्द

लीड्स,
३ फेब्रुवारी १९५४

प्रिय होलरॉइडबाई,

गेल्या गुरुवारी तुमच्या स्वयंपाकघरात तीन तास बसलो, चार कप चहा प्यालो आणि एकशे बारा शब्द घेऊन परतलो. त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही दिलेली ओटची भाकरी कार्यालयात हातोहात संपली.

एका शब्दाचं कार्ड मात्र अर्धवट राहिलं. "रात्री निजण्याआधी अंगावरच्या कपड्यांचं तुम्ही काय करता?" असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "डॉफ करतो. दुसरं काय करणार, शिजवतो?" आणि तेवढ्यात तुमचं दूध उतू गेलं.

लंडनच्या कोशांत 'काढणं, उतरवणं' या अर्थाचा हा शब्द म्हातारा होऊन बसला आहे. सभ्य गृहस्थ हॅट उचलतात, तेवढ्यापुरताच तो उरला आहे. तुमच्या खोऱ्यात तो अजून धडधाकट दिसतो. तेव्हा एवढं कळवाल का: तो फक्त टोपीबुटांना लागतो की सगळ्याच कपड्यांना? माणूस स्वतःलाच डॉफ करतो की दुसऱ्यालाही? आणि कुणाच्या तरी तोंडून खरंच ऐकलेलं एक वाक्य हवं. आमचे प्रमुख वाक्याशिवाय कार्ड हातात धरत नाहीत.

आपला,
ॲलन थ्यूलिस
बोली-नोंद विभाग


हार्डनशॉ,
९ फेब्रुवारी १९५४

थ्यूलिस मास्तर,

तुम्ही मास्तर नाही असं तुम्ही दोनदा सांगितलंत, पण जो माणूस सत्तर वर्षांच्या बाईला गृहपाठ देतो त्याला मी दुसरं काय म्हणू?

तर ऐका. आमच्याकडं सगळंच डॉफ होतं. टोपी, बूट, कोट, पेटीकोट, सगळं. एकदम सगळं काढलं तरी डॉफच. स्वतःला करता येतं, पोराला करता येतं, पिऊन आलेल्या नवऱ्याला करता येतं (माझा प्यायचा नाही, पण शेजारणीला मदत केली आहे), आणि मेलेल्या माणसालाही करावं लागतं. टेबलावरची चादर कुणी डॉफ करत नाही, अंगावर असेल तेच. गिरणीत सुतानं भरलेल्या बॉबिनी उतरवायच्या पोरींनाही हाच शब्द लागतो, पण ते तुम्हाला आधीच कुणीतरी सांगितलं असेल. 'अनड्रेस' हा शब्द आम्ही डॉक्टरच्या तोंडून ऐकतो, तेही त्याचे हात बर्फासारखे गार असताना.

वाक्य हवं म्हणता, तर माझ्या सासूचं घ्या: "आधी बूट डॉफ कर, मग बायबल उघड." रोज ऐकलं आहे, अठरा वर्षं.

आणखी एक रीत सांगते, तुम्हाला आवडेल. आमच्या लहानपणी ऑक्टोबर आला की आई पोरांच्या छातीला हंसाची चरबी चोळायची, त्यावर खाकी कागद, त्यावर लोकरी फलालीन, आणि ते अंगावरच शिवून टाकायची. बटण नाही, नाडी नाही, सरळ टाके. मे महिन्यात व्हिटसनच्या सणाला ते टाके उसवायचे, तोवर आत काय शिजतंय ते देवालाच ठाऊक. एप्रिलमध्ये आमच्या शाळेच्या वर्गात तुम्ही पाच मिनिटं बसला नसतात.

~~व्हिटसनच्या आधी पोराला डॉफ करू नये.~~

हे वरचं वाक्य नको, खोडलं आहे. सासूचं घ्या.

आणखी शब्द हवे असतील तर माझी बहीण टेमर ग्रीनवूड खोऱ्याच्या वरच्या टोकाला, हाय रॉइडला राहते. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, लग्न केलं नाही, डोकं माझ्यापेक्षा चांगलं. जाताना आल्याचा केक घेऊन जा. मी पाठवलं म्हणून सांगा.

झिला होलरॉइड


लीड्स,
२ मार्च १९५४

प्रिय होलरॉइडबाई,

तुमच्या भगिनींकडे शनिवारी जाऊन आलो. किती छान बाई आहेत. गायीच्या आजारांचे चौदा शब्द दिले, पावसाचे नऊ दिले, आणि माझ्या उच्चारावर इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला.

पण एक चमत्कारिक गोष्ट घडली, ती तुम्हाला कळवणं बरं. कपड्यांचा प्रश्न विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आम्ही कपडे काढतो." मी म्हटलं, तुमच्या भगिनी तर डॉफ म्हणतात. त्या म्हणाल्या, "ती म्हणत असेल." मी जरा आग्रह धरला. तुम्ही खोडलेलं ते वाक्य मला वाचता आलं होतं, ते मी त्यांना म्हणून दाखवलं आणि विचारलं, असं म्हणतात का तुमच्याकडे? त्या उठल्या, माझी हॅट खुंटीवरून काढली आणि माझ्या हातात दिली. "बस साडेचारची आहे," एवढंच म्हणाल्या. तेव्हा साडेतीन वाजले होते.

मी तासभर थंडीत उभा राहून विचार केला. माझा तर्क असा, की तुमच्या गावातल्या काही घरांत हा शब्द बायकांना अशिष्ट वाटतो, विशेषतः अंगावरचे कपडे पूर्ण उतरवण्याच्या अर्थी. असे शब्द असतात. मी स्वतः गिरणीकामगारांच्या घरातला. शाळेत पहिल्या दिवशी 'कोट डॉफ करू का' म्हणालो म्हणून हातावर वेत खाल्ला आणि तेव्हापासून तो शब्द मी कधी उच्चारला नाही. तेव्हा कार्डावर टीप घालतो आहे: "हार्डनशॉ. वृद्ध स्त्रिया लाजेपोटी टाळतात."

तुमच्या भगिनींचं मन दुखावलं असेल तर माझ्या वतीनं क्षमा मागाल का?

आपला,
ॲलन थ्यूलिस


हार्डनशॉ,
६ मार्च १९५४

मास्तर,

ती टीप घालू नका.

खोडलेलं वाक्य वाचणं ही कसली रीत? माणूस खोडतो ते वाचू नये म्हणून. माझी बहीण लाजाळू नाही. आमच्या आळीतल्या निम्म्या मेलेल्यांना तिनंच धुवून, नेसवून तयार केलंय, तिला अंगाची कसली लाज. कार्ड कोरं ठेवा. नाहीतर माझं नाव घाला आणि तिचं काढून टाका.

क्षमा तुमच्या वतीनं मागायची गरज नाही.

झि. हो.


लीड्स,
१५ मार्च १९५४

प्रिय होलरॉइडबाई,

तुमचा राग रास्त आहे. ते वाक्य मी वाचायला नको होतं, आणि वाचलं तरी दुसऱ्याला ऐकवायला तर मुळीच नको होतं.

पण माझी अडचण समजून घ्या. एका गावात वाढलेल्या सख्ख्या दोन बहिणी, एकीच्या तोंडी शब्द सतत, दुसरी तो उच्चारायला तयार नाही. हे मी लपवलं तर माझी नोंद खोटी होईल. कारण कळलं नाही तर मला जे दिसलं तेच लिहावं लागेल. सगळी कार्डं एकतीस मार्चला प्रमुखांकडे जायची आहेत. लाज हे कारण नसेल तर कोणतं आहे, एवढंच सांगा. तपशील नको.

आपला,
ॲलन थ्यूलिस


हार्डनशॉ,
२४ मार्च १९५४

मास्तर,

नऊ दिवस तुमचं पत्र घड्याळामागं ठेवलं होतं. तुम्ही तिला लाजरी म्हणून लिहून ठेवणार, ते छापणार, आणि आम्ही दोघी गेल्यावरही ते तसंच राहणार. तिच्यावर एक खोटं माझ्यामुळं आधीच आहे. दुसरं नको. तपशील नको म्हणालात, पण तपशिलाशिवाय हे सांगता येत नाही.

आम्हाला एक भाऊ होता. एबल. १८९३च्या एप्रिलमध्ये तो चार वर्षांचा होता, मी नऊ, टेमर बारा. वडील आदल्या वर्षी गेले होते. आई मागावर, टेमर अर्ध्या दिवसाची गिरणीत. पहाटे पाचला उठायची. शनिवारी गिरणी एकला सुटायची, आई चॅपेल झाडायला जायची आणि एबल टेमरच्या ताब्यात असायचा.

तो शनिवार ऊन पडलेला होता. टेमर चुलीशेजारी खुर्चीत बसली आणि बसल्या बसल्या झोपली. एबलला घेऊन मी बाहेर पडले. गिरणीच्या तळ्यात इंजिनाचं गरम पाणी सुटायचं, इंजिन थांबलं तरी संध्याकाळपर्यंत ते कोमट असायचं. आळीतली सगळी पोरं तिथं डुंबत होती. एबल काठावर गेला तर ती नाक धरून ओरडायला लागली, ग्रीनवूडांचा हंस आला, ग्रीनवूडांचा हंस आला. त्यांच्या अंगालाही चरबीचाच वास होता, पण त्यांच्या आयांनी त्या आठवड्यात उसवलं होतं. माझी आई व्हिटसनच्या एक दिवस आधीही उसवणारी नव्हती. मला इतकी शरम वाटली की मी त्याला घरी नेलं, टेमरच्या शिवणपेटीतली कात्री घेतली आणि पडवीत त्याचे टाके कापले. मी त्याला डॉफ केलं, मास्तर. तो शब्द मी तेव्हा त्याला म्हणालेही. चल, तुला डॉफ करते, म्हणजे तू पण त्यांच्यासारखा. मग तळ्यावर नेलं आणि पाण्यात उतरवलं.

परत आणून त्याला पुसलं, फलालीन पुन्हा चढवली आणि शिवली. मला शिवता येत नाही असं घरात सगळे धरून चालले होते, पण आईच्या हाताकडं बघून मी शिकले होते. आईनं राखाडी लोकरीनं शिवलेलं होतं. पेटीत पांढरा दोरा होता. टेमर तोवर झोपलेलीच होती.

सोमवारी त्याला ताप भरला. बुधवारी आईनं छाती शेकायला फलालीन उघडायला घेतली आणि तिला पांढरा दोरा दिसला. ती वळली आणि विचारलं, "कुणी डॉफ केलं याला?" माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही. पेटी टेमरची, दोरा टेमरचा, पोर टेमरच्या ताब्यात. टेमर म्हणाली, "मी नाही, मी झोपले होते." आई म्हणाली, "मग झोपेत केलंस वाटतं." मी दाराशी उभी होते. एक शब्द बोलले असते तर झालं असतं. रविवारी एबल गेला, आणि त्यानंतर बोलणं दरवर्षी जास्त अवघड होत गेलं.

आळीत टेमरचं नाव झालं, हीच ती जिनं भावाला डॉफ केलं. आई चिडली की तेच काढायची, दूध नासलं तरी. बायका तिच्या हातात तान्हं पोर देत नसत. बूट शिवणारा इनॉस क्रॅबट्री, बायको गेलेला, दोन लेकरांचा बाप, एक सबंध हिवाळा तिच्याकडं येत होता. मग येईनासा झाला. त्याच्या आईनं बंद केलं असं मी धरून चालले आहे. मी मात्र शाळेत मुद्दाम वाकडे टाके घालत होते, बोटांवर छड्या खात होते, म्हणजे कुणाला संशय नको. चौदाव्या वर्षापर्यंत मी सुईनं एकही टाका सरळ घातला नाही. पुढं त्याच सुईवर चाळीस वर्षं पोट भरलं. खोऱ्यातल्या नवरींचे झगे शिवले.

आई १९२१ साली गेली. शेवटच्या दिवशी तिनं टेमरचा हात धरला आणि म्हणाली, आता तरी कबूल कर, म्हणजे मी तुला माफ करून जाते. आणि टेमर म्हणाली, "हो आई, मीच डॉफ केलं त्याला." आईच्या जिवाला शांती मिळावी म्हणून खोटं बोलली. मी पाणी पाजायचा कप घेऊन पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. कप सांडला नाही. इतका माझा हात स्थिर होता.

त्या दिवसापासून तिच्या तोंडी तो शब्द नाही. आणि मी तो दिवसातून दहा वेळा म्हणते, बूट डॉफ, कोट डॉफ, म्हणजे तो साधा शब्द आहे असं मला वाटत राहील.

आता तुमच्या कार्डावर काय लिहायचं ते लिहा. आणि तुम्ही पुन्हा वर गेलात तर तिला हे सांगा. माझ्याच्यानं होणार नाही.

झिला होलरॉइड


लीड्स,
२७ मार्च १९५४

प्रिय होलरॉइडबाई,

तुमचं पत्र यासोबत परत पाठवतो आहे. त्याची नक्कल केलेली नाही आणि कुणाला दाखवलेलंही नाही. मी फाडलं ते माझ्या टिपेचं कार्ड. तुमच्या भगिनींच्या नावापुढे त्या शब्दाची जागा कोरी राहील. प्रमुख ओरडतील, ते मी पाहून घेईन.

मी तुमचा निरोप पोचवणार नाही. भ्याडपणा म्हणा हवं तर. एकदा तुमचं वाक्य त्यांच्या घरात नेऊन मी बघितलं आहे. हे पत्र मला लिहिलेलं नाही, एवढं मला वाचताना कळलं. सोबत एक कोरं पाकीट पाठवत आहे, तिकीट लावून; पत्ता तुम्ही घाला.

आपला,
ॲलन थ्यूलिस


हार्डनशॉ,
३१ मार्च १९५४

टेमर,

सोबतचं पत्र मी लीड्सच्या त्या माणसाला लिहिलं होतं. त्यानं परत पाठवलं, आणि त्याचं बरोबर आहे. ते एकसष्ट वर्षांपूर्वीच तुझं होतं.

मी माफी मागत नाही, कारण मागायला तोंड नाही. तू जे म्हणशील ते मी करीन. चॅपेलमध्ये उभी राहून सांग म्हणालीस तर तसं सांगेन.

झिला


हाय रॉइड,
९ एप्रिल १९५४

झिला,

तुझं पत्र आलं तेव्हा मी बटाटे सोलत होते. वाचून झाल्यावर पुन्हा बटाटेच सोलले, दुसरं काय करायचं ते सुचेना. तिघांना पुरतील इतके सोलले गेले.

चॅपेलमध्ये कुणाला सांगणार? ज्यांना सांगायचं ते सगळे बाहेर दगडाखाली आहेत. आता तिथं येतात त्यांना एबल ग्रीनवूड कोण तेही माहीत नाही.

तू दोन गोष्टी चुकीच्या लिहिल्या आहेस, त्या आधी सुधारते. इनॉसला त्याच्या आईनं थांबवलं नाही. मीच येऊ नको म्हणून सांगितलं. त्याची धाकटी माझ्या मांडीवर झोपली होती आणि मला माझ्या हातांची भीती वाटली. दुसरं म्हणजे, आईशी मी खोटं बोलले नाही. पहिली सात-आठ वर्षं मला ठाऊक होतं की मी केलं नाही. मग सगळे इतकं म्हणायचे की मला आठवायला लागलं. कात्री हाताला किती गार लागली ते आठवतं. लोकर कापल्याचा आवाज मी कितीदा ऐकला आहे. झोपेत उठून केलं असेल आणि परत येऊन बसले असेन, असं मी मनाशी धरलं होतं. आईनं विचारलं तेव्हा मला खरं वाटत होतं तेच मी सांगितलं. आता तू म्हणतेस की ते माझ्या हातून झालंच नाही. मग ही कात्री मी कुठं ठेवू? मी त्र्याहत्तर वर्षांची आहे, झिला.

आईनं माफ केलं ते मला. तुला तिनं माफ केलेलं नाही, आणि तिच्या वतीनं ते मी करू शकत नाही. माझ्या वतीनं करीन की नाही ते मला अजून माहीत नाही. राग यायला हवा होता, तो शोधते आहे. बहुधा येईल.

सध्या मला एकच गोष्ट हवी आहे. इतकी वर्षं माझ्याकडं टाके होते, कात्री होती, ताप होता, पण ती दुपार नव्हती. मी तिच्यात नव्हतेच, तर ती असणार कुठून? ती तुझ्याकडं आहे. तो पाण्यात उतरला तेव्हा हसला का? त्याच्या आयुष्यातली शेवटची चांगली दुपार होती का ती? तसं असेल तर मला ते हवंय, कारण बाकीचं सगळं मी भरून दिलंय. खरं लिही. तुझं खोटं आता मला ओळखता येईल.

येऊ नकोस. लिही.

टेमर


हार्डनशॉ,
११ एप्रिल १९५४

टेमर,

सकाळपासून बसले आहे. आधी तुला बरं वाटेल असं लिहिलं होतं, एक सबंध पान. ते चुलीत घातलं.

हसला नाही. त्याला उतरायचंच नव्हतं. पडवीत टाके कापले तेव्हाच तो म्हणाला, आई मारेल. तळ्यावर पोचलो तर त्यानं फलालीन दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि सोडेना. सगळी पोरं बघत होती. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला उचलून पाण्यात ठेवलं. पाणी त्याच्या कमरेपर्यंत, कोमट होतं, पण वरून वारा होता आणि त्याच्या पाठीवर चरबीचा थर अजून तसाच होता. पोरं हसली. मी पण हसले, त्यांच्यासारखी.

त्यानं हात भिजू नयेत म्हणून वर धरले होते. रडला नाही. घराकडं तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "टेमरला बोलाव." मी म्हटलं, पोहून घे, बघ बाकीचे कसे पोहतात. तो पुन्हा म्हणाला, "टेमरला बोलाव." तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मला चीड आली आणि मी म्हटलं, टेमर झोपलीय. मग तो घराकडंच बघत राहिला. मी बाहेर काढेपर्यंत हात वर धरून तसाच उभा होता.

झिला